शिक्षक वजा करून हिशेब जुळत नाही

इंग्रजी शिकायला आता शिक्षक लागत नाही, हे विधान गेल्या दोन-तीन वर्षांत फार ठामपणे केले जाऊ लागले आहे. मुलाच्या हाती फोन आहे. फोनमध्ये न थकता बोलणारे, न रागावता चूक दाखवणारे, रात्री अकरा वाजताही उत्तर देणारे यंत्र आहे. मग ज्या शिक्षकाला स्वतःलाच चार वाक्ये सलग इंग्रजीत बोलता येत नाहीत, त्याच्यासमोर मुलाने का बसायचे, असा प्रश्न विचारला जातो. त्याच्या पाठोपाठ दुसरे मत येते : शिक्षकांचे प्रशिक्षणही ॲपवरच उरकावे, म्हणजे प्रवासभत्ता वाचेल आणि शाळेचे दिवस बुडणार नाहीत. ही मते मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण दोन्ही मते चुकीची आहेत, आणि या चुकीची किंमत मोजावी लागणार आहे ती वाडी-वस्तीवरच्या मुलांना, ज्यांच्या घरात इंग्रजी तर सोडाच, छापील मराठीही फारसे येत नाही.

यांतल्या पहिल्या मताच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा सर्वांत वजनदार दाखला शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांचा आहे. १९९९ मध्ये दिल्लीतल्या कालकाजी भागात, एनआयआयटीच्या आवाराच्या भिंतीला भोक पाडून त्यांनी पलीकडच्या झोपडपट्टीच्या बाजूने एक संगणक बसवला. कोणी काही शिकवले नाही, तरी मुले तो चालवायला शिकली. पुढे असे संगणक देशात अनेक ठिकाणी बसले, आपल्या सिंधुदुर्गातही बसले. २०१३ मध्ये मित्रांना दहा लाख डॉलरचे टेड पारितोषिक मिळाले. ज्या शिक्षकाची जागा यंत्र घेऊ शकते त्याची जागा यंत्राने घेतलीच पाहिजे, हे आर्थर क्लार्क यांचे मत मित्रा आवर्जून सांगतात, आणि ते ऐकून सभागृहात टाळ्या पडतात.

टाळ्या थांबल्यावर त्याच प्रयोगांचा पुढचा भाग वाचायला हवा. तमिळनाडूतल्या कळिकुप्पम गावात मित्रांनी तमिळभाषक मुलांसमोर इंग्रजीतून जैवतंत्रज्ञानाचे साहित्य ठेवले. मुले आपापली धडपडली आणि चाचणीत शून्यावरून तीस टक्क्यांच्या आसपास पोचली. ही मोठी गोष्ट आहे, ती मी नाकारत नाही. पण तिथून पुढे गाडी हलेना. मग मित्रांनी काय केले? गावातल्या एका तरुणीला मुलांच्या मागे उभे राहायला सांगितले. तिला त्या विषयातले काही कळत नव्हते. ती फक्त विचारत राहिली, कौतुक करत राहिली, हे कसे केलेस ते मला दाखव म्हणत राहिली. गुण पन्नास टक्क्यांवर गेले. २००९ पासून तर मित्रांनी ब्रिटनमधल्या निवृत्त शिक्षिकांना आणि इतर स्वयंसेवकांना स्काइपवरून भारतातल्या मुलांशी इंग्रजीत बोलायला बसवले. शिक्षकाविना शिक्षणाच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्याला मुलांची भाषा सुधारायची वेळ आली तेव्हा माणूसच बोलवावा लागला, तोही बऱ्याचदा आयुष्यभर शिकवलेला माणूस. या दाखल्यावरून शिक्षक अनावश्यक ठरतो, असे म्हणणाऱ्यांनी तो दाखला शेवटपर्यंत वाचलेला नाही.

त्या भिंतीतल्या संगणकांचे पुढे काय झाले, हेही पाहायला हवे. पायल अरोरा यांनी उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि हवालबाग इथल्या संगणकांचा मागोवा घेऊन २०१० मध्ये लेख लिहिला. दोन्ही ठिकाणी ते बंद पडले होते. यंत्राची रोज काळजी घेणारे, त्याला गावाच्या शाळेशी जोडणारे कोणी नव्हते. ही गत फक्त खासगी प्रकल्पांची होते असेही नाही. पुण्यातली बालचित्रवाणी १९८४ मध्ये सुरू झाली, मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करत राहिली आणि २०१७ मध्ये शासनानेच तिला कुलूप लावले.

आता पुराव्याकडे येतो, कारण हा वाद भावनेवर सोडवायचा नाही. गुजरातेत ज्ञानशाळा या संस्थेच्या शाळांत ली लिंडन यांनी गणिताच्या संगणकीय कार्यक्रमाची दोन प्रकारे चाचणी घेतली. एकीकडे संगणकाला शाळेच्या वेळातलाच वेळ दिला, म्हणजे शिक्षिकेच्या शिकवण्याची तितकी मिनिटे काढून यंत्राला दिली. दुसरीकडे शाळा संपल्यावर जादा वेळ म्हणून तोच कार्यक्रम दिला. जादा वेळात मुलांची प्रगती झाली, आणि अभ्यासात मागे असलेल्यांची जास्त झाली. पण शिक्षिकेचा वेळ कापून जिथे यंत्र आणले, तिथली मुले यंत्र न मिळालेल्या मुलांपेक्षाही मागे पडली. कार्यक्रम तोच आणि मुलेही त्याच थरातली. फरक एवढाच होता की, एके ठिकाणी यंत्र शिक्षिकेच्या कामात भर म्हणून आले आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्या जागी.

तो विषय गणिताचा होता, भाषेचे वेगळे असेल, असे कोणी म्हणेल. भाषेचा दाखला तर महाराष्ट्रातलाच आहे. प्रथम संस्थेने इंग्रजी शिकवण्यासाठी पिकटॉक नावाचे एक साधे यंत्र वापरले होते. चित्रावर काडीसारखी लेखणी टेकवली की यंत्र त्या वस्तूचे इंग्रजी नाव उच्चारते. मूल आपल्या गतीने पुढे जाते. फँग हे, ली लिंडन आणि मार्गारेट मॅक्लिओड यांनी या यंत्राची आणि शिक्षकाने घेतलेल्या चित्रपत्त्यांच्या खेळांची पद्धतशीर चाचणी घेतली. सरासरीने पाहिले तर दोन्ही उपयोगी ठरले, आणि सारखेच. यंत्राचे समर्थक इथेच थांबतात. पण सरासरीच्या आत शिरले की वेगळे दिसते. जी मुले आधीच पुढे होती, त्यांना आपल्या गतीने चालणाऱ्या यंत्राचा जास्त लाभ झाला. जी मागे होती, त्यांना शिक्षकाने घेतलेल्या कृतींचा जास्त लाभ झाला.

माझ्या दृष्टीने सगळा वाद या एका निष्कर्षात आहे. स्वतःहून शिकण्याचे साधन प्रथम त्यालाच फळते, ज्याला स्वतःहून शिकण्याची सवय आधी कोणीतरी लावलेली असते. घरी वाचणारी आई असेल, पाढे घेणारा काका असेल किंवा पहिलीत जीव ओतून शिकवलेल्या बाई असतील. अशा मुलाच्या हाती फोन द्या, ते धावत सुटेल. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे मूल घ्या. शाळेत त्याच्यापुढे मराठी येते, ॲपमध्ये सूचना हिंदीत किंवा इंग्रजीत येतात आणि शिकायची असते तिसरीच भाषा. ते मूल अडते कुठे, हे यंत्राला कळत नाही, कारण ते काही विचारतच नाही. ते गप्प बसते आणि थोड्या वेळाने कार्टून लावते. दोन्ही मुलांना एकच ॲप देऊन आपण समान संधी दिली असे मानणे म्हणजे त्यांच्यातले अंतर वाढवायला सरकारी पैसा खर्च करणे होय.

असर २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही तरी फोनवर केल्याचे त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी सांगितले, समाजमाध्यमे वापरल्याचे ७६ टक्क्यांनी. मुलांना मी दोष देत नाही. फोनवर शिकण्याचे काम कसे ठरवायचे, किती वेळ करायचे, जमले की नाही हे कसे तपासायचे, हे त्यांना कोणी दाखवले आहे?

स्वयंअध्ययनाचा विचार ज्यांनी मुळातून केला, त्यांनी हे केव्हाच सांगून ठेवले आहे. आँरी ओलेक या फ्रेंच अभ्यासकाने १९८१ मध्ये, आपल्या शिकण्याची सूत्रे स्वतःच्या हाती घेण्याची क्षमता अशी भाषा-विद्यार्थ्याच्या स्वायत्ततेची व्याख्या केली आणि ही क्षमता जन्मजात नसते, ती मिळवावी लागते, असेही बजावले. डेन्मार्कमध्ये लेनी डाम या शिक्षिकेने १९७० च्या दशकापासून शाळेतल्या इंग्रजीच्या वर्गात ती प्रत्यक्ष मिळवून दिली. तिच्याकडे संगणक नव्हते. मुले रोज वहीत लिहीत : आज मी काय करणार, कोणाबरोबर, ते जमले का, उद्या काय. शिक्षिका त्या वह्या वाचून उत्तरे लिही. हळूहळू निर्णय मुलांकडे गेले, पण ती वर्गातून कधी गेली नाही. तिचे काम उलट वाढले.

आपल्याकडे स्वतःच्या बळावर इंग्रजी शिकलेल्यांची परंपरा मोठी आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन कंदिलाच्या उजेडात बसलेल्या पिढ्या होऊन गेल्या. पण ती पाठमाला मराठी पक्के येणाऱ्याला, व्याकरणाची शिस्त शाळेत अंगी बाणलेल्याला उपयोगी पडत होती. ज्या मास्तरांनी मराठी पक्के केले, ते त्या स्वाध्यायात हजर होतेच. हिशेबात त्यांचे नाव घ्यायचे राहून गेले, इतकेच.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने सगळे बदलले, असे सांगितले जाते. बदलले खरे, पण कोणत्या अटींवर? नायजेरियातल्या बेनिन सिटीत २०२४ मध्ये जागतिक बँकेने माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजीचे सहा आठवड्यांचे वर्ग घेतले. मुले शाळा सुटल्यावर संगणकावर कोपायलट वापरून शिकत. इंग्रजीत चांगली सुधारणा दिसली आणि ही बातमी आपल्याकडेही उत्साहाने फिरली. बातमी पुढे पाठवणाऱ्यांनी एक तपशील गाळला : खोलीत शिक्षक होते, त्यांना त्यासाठी तयार केले होते, सत्राची सुरुवात तेच करून देत आणि मुलांच्या कामावर लक्षही तेच ठेवत. उलट बाजूचा दाखला तुर्कस्तानातला आहे, गणिताचा. जीपीटी-४ हवे तसे वापरायला मिळालेल्या विद्यार्थ्यांनी सरावात ४८ टक्के जास्त गुण मिळवले. परीक्षेत ते यंत्र काढून घेतल्यावर मात्र, ज्यांना ते कधी मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षा त्यांना १७ टक्के कमी पडले. दुसऱ्या गटाच्या यंत्रात शिक्षकांकडून घेतलेल्या सूचना घातल्या होत्या, उत्तर थेट न देता इशारा देण्याची त्याला सक्ती होती. त्या गटाचे नुकसान जवळजवळ टळले. यंत्राचा लगाम शिक्षकाच्या अनुभवाने बांधला तेव्हाच ते शिकवणारे ठरले.

मी यंत्राच्या विरोधात लिहीत आहे, असा समज इथवर झाला असेल तर तो दूर करतो. चाळीस मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांची तासिका असेल, तर शिक्षकाने दुसरे काहीही न करता प्रत्येक मुलाचे वाचन ऐकायचे म्हटले तरी एकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. गूगलचे रीड अलाँग मराठीतही मुलाचे वाचन ऐकते, अडलेला शब्द म्हणून दाखवते. चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी त्याच्यासमोर मोठ्याने वाचते. स्टोरीवीव्हरवर मराठी-इंग्रजी गोष्टींची पुस्तके फुकट मिळतात, आणि वाडीवरच्या शाळेत दुसरे ग्रंथालय नाही. हे सगळे हवेच. फोन म्हटले की कपाळाला आठ्या घालणाऱ्या, मुलांना बिघडवणारी वस्तू म्हणून तो कपाटात ठेवणाऱ्या शिक्षकांशीही माझे भांडण आहे. सरावाचे काम यंत्राला दिले नाही, तर ते काम होतच नाही, हे त्यांनी मान्य करायला हवे.

पण त्या मुलीने जे वाचले त्याचे पुढे काय? यंत्राने शब्द बरोबर म्हणून हिरवी खूण केली. तिला वाक्य कळले का? ‘वेस्ट’ म्हणताना तिच्या तोंडून पश्चिम दिशा आणि बनियन दोन्ही एकाच उच्चाराने येतात, कारण मराठीत एकच ‘व’ आहे. हे मराठी बोलणाऱ्या शिक्षकाला क्षणात कळते आणि ओठ कसे करायचे ते तो तोंडाने दाखवू शकतो. यासाठी त्याला साहेबासारखे इंग्रजी यायची गरज नाही. मूल कुठून कुठे चालले आहे, ते त्याला ठाऊक असावे लागते.

इथे शिक्षकाच्या इंग्रजीचा प्रश्न येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा ते शिकवण्याचे काम अशा शिक्षकांवर पडले, जे स्वतः पाचवीपासून, भाषांतर करत, परीक्षेपुरते इंग्रजी शिकले होते. त्यांना इंग्रजी येत नाही, हे सांगताना लोकांच्या स्वरात तुच्छता असते. मला तिथे सर्वांत मोठी संधी दिसते. स्वतंत्रपणे भाषा शिकण्याच्या साधनांचा पहिला हक्काचा विद्यार्थी हा शिक्षक आहे. तो साक्षर आहे, प्रौढ आहे, गरज त्याला कळते, आणि सहकाऱ्यांसमोर चुकण्याची लाज त्याला मुलांपेक्षा जास्त वाटते. न हसणाऱ्या यंत्राशी रात्री बोलून पाहण्याचा खरा फायदा त्याला आहे. उद्याच्या धड्यातले संभाषण तो आधी ऐकेल, म्हणून पाहील, पाच प्रश्न तयार करून घेईल, त्यांतले दोन आपल्या वर्गासाठी बदलेल. आणि मी कसा शिकतो आहे हे तो दुसऱ्या दिवशी मुलांना सांगेल, तेव्हा स्वयंअध्ययन म्हणजे काय ते मुलांना डोळ्यांसमोर दिसेल. स्वतः शिकत नसलेला माणूस दुसऱ्याला स्वतः शिकायला शिकवू शकत नाही.

पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेच्या ‘वी लर्न इंग्लिश’ या रेडिओ कार्यक्रमाने हे कधीच ओळखले होते. रेडिओवरची पात्रे बोलत, प्रश्न विचारत, मुलांनी उत्तर द्यावे म्हणून थांबत. वर्गातले शिक्षक ते घडवून आणत. मुलांबरोबर शिक्षकाच्या कानावरही रोज नीट इंग्रजी पडे, तेही त्याला कमीपणा न आणता.

मग आज आपण शिक्षकांच्या विकासासाठी काय करतो? २०१७ मध्ये दीक्षा हे ऑनलाइन व्यासपीठ आले, २०१९ ची निष्ठा ही शिक्षक-प्रशिक्षणे २०२० पासून ऑनलाइन झाली, २०२२ मध्ये वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवडश्रेणीसाठीचे प्रशिक्षणही ऑनलाइन झाले. त्यांतले बरेच साहित्य चांगले आहे. पण ते कसे पार पडते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही, म्हणून तो चालू ठेवून शेजारी वह्या तपासल्या जातात; चाचणीची उत्तरे गटावर फिरतात; केंद्रप्रमुखांचा निरोप येतो, लिंक भरली का, किती टक्के पूर्ण? प्रमाणपत्र निघते. वर्गात काय बदलले, हे विचारणारा त्या साखळीत कोणीच नाही. शिक्षकांनी हे मन लावून करावे, असा उपदेश करण्यात अर्थ नाही. ज्या कामाची फक्त टक्केवारी मोजली जाते, ते काम टक्केवारीपुरतेच होते.

याच महाराष्ट्रात याहून चांगले करून दाखवलेले आहे. ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासन यांनी २०१६ ते २०१९ या काळात नऊ जिल्ह्यांत तेजस हा उपक्रम चालवला. प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट, ज्यांना टॅग म्हणत, ठरावीक काळाने समोरासमोर भेटत. वर्गात करून पाहिलेल्या गोष्टी एकमेकांना सांगत, इंग्रजीत बोलण्याचा सराव करत. आणि दोन भेटींच्या मधल्या काळात व्हॉट्सॲपवर एकमेकांना धरून ठेवत. तंत्रज्ञान होते, पण ओळखीच्या माणसांमधला दुवा म्हणून. शिक्षक एरवीही असेच शिकतात, आणि नव्या कल्पनाही वर्गातूनच निघतात. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या कामासाठी ओळखले जाणारे आणि २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले रणजितसिंह डिसले हे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक होते. ती कल्पना ज्याच्यासमोर रोज मुले बसतात अशा माणसाने वर्गात राबवली, आणि मग ती बाहेर गेली.

दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचण्याऐवजी एक साधी गोष्ट होऊ शकते. प्रत्येक शिक्षकाने फोन खिडकीत ठेवून आपली एक इंग्रजीची तासिका ध्वनिमुद्रित करून आणावी आणि दोघा-तिघांनी मिळून दहा मिनिटे ऐकावी. प्रश्न मीच विचारतो आणि उत्तरही मीच देतो, पुढच्या बाकावरची तीच चार मुले बोलतात, मागच्या मुलींचा आवाज पूर्ण तासात एकदाही नाही, हे स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर कोणत्याही व्याख्यानाची गरज उरत नाही. त्याच फोनवर जूनमध्ये मुलांचे वाचन ध्वनिमुद्रित करावे आणि दिवाळीनंतर पुन्हा करावे. मुलाला दोन्ही ऐकवावे आणि विचारावे, तुला काय फरक वाटतो? या कामासाठी नवे ॲप, नवी खरेदी, नवी निविदा काहीच लागत नाही. लागतो तो विश्वास आणि वेळ, आणि वेळ हवा तर माहिती भरण्याची निम्मी कामे शिक्षकाच्या मानेवरून उतरवावी लागतील.

शेवटचा युक्तिवाद पैशाचा असतो : शिक्षकाचा पगार परवडत नाही, टॅबलेट एकदाच घ्यावा लागतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांबद्दल हा सूर सर्वांत जास्त ऐकू येतो. हा हिशेब मांडणाऱ्यांनी आपल्या मुलांची शाळा निवडताना वर्गात किती मुले आहेत, शिक्षिका कशा आहेत, याची चौकशी केलेली असते आणि वर शिकवणीही लावलेली असते. आपल्या मुलासाठी माणूस आणि दुसऱ्याच्या मुलासाठी यंत्र, ही विभागणी आपण शिक्षणाचे धोरण म्हणून स्वीकारणार आहोत का? टॅबलेट एकदाच घ्यावा लागतो, हेही खोटे आहे. त्याची बॅटरी जाते, काच फुटते, ॲपचे वर्गणीशुल्क दरवर्षी येते आणि कंपनी बुडाली तर तेही बंद पडते. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन सांगणारी बायजूज २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. त्यांतले किमान निम्मे तास केंद्रशाळेच्या पातळीवर, शिक्षकांच्या छोट्या गटांना, त्यांनीच निवडलेल्या कामासाठी द्यावेत, आणि ते तास व्हिडिओच्या टक्केवारीत मोजू नयेत. उरलेल्या तासांत त्यांना स्वतःचे इंग्रजी सुधारण्यासाठी हवी ती साधने शासनाच्या खर्चाने मिळावीत. आणि कमी पटाच्या शाळेला टॅबलेट पाठवताना त्याच आदेशात तिथल्या शिक्षकाचे पद कायम ठेवल्याचे लिहावे.